अर्ध्या पुस्तकांचा हंगाम

मार्च लागला की आर्णीतल्या झेरॉक्सच्या दुकानांपुढे पोरापोरींची झुंबड उडते. काल मी पंपाचं सामान आणायला गेलो होतो. शेजारच्या दुकानात मशीन धापा टाकत होतं. एक मुलगी आख्खं पुस्तक पालथं घालून काचेवर दाबत होती, आणि दुकानदार ओरडत होता, "आटप ना वो ताई, मागं लाईन हाय." कागद गरमागरम बाहेर पडत होते. मी आपला पंप विसरून तिथंच उभा. फौजेतून निवृत्त झालेला, चाळिशी ओलांडलेला मिशीवाला माणूस कॉलेजच्या पोरींच्या रांगेकडे टक लावून बघतोय, हे दिसायला बरं नाही, हे उशिराने ध्यानात आलं. मुकाट्याने गाडीला किक मारली.

घराकडे येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस पेटलेला. शेतं मोकळी. कुठे कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून ढीग घातलेले, कुठे तुरीच्या काड्या बांधावर टेकवून ठेवलेल्या. दुपारच्या वाऱ्याला धूळ, वाळका पाला आणि तापल्या मातीचा मिळून एक वास येतो. लोकांना तो उन्हाळ्याचा वाटतो. मला तो परीक्षेचा वाटतो. आणि गंमत अशी की ज्या वर्षामुळे तो मला परीक्षेचा वाटतो, त्या वर्षी मी तो घेतलाच नव्हता. तो वास मला फोनवरून कळला होता.

त्या वर्षी मी आणि माझी बायको वैशाली, दोघं मिळून बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसणार होतो. बाहेरून. म्हणजे कॉलेजात जायचं नाही, पुस्तकं आपली आपण घ्यायची, वाचायची, आणि मार्चमध्ये केंद्रावर जाऊन पेपर लिहायचे. बारावीनंतर मी भरती झालो, बारावीनंतर तिचं लग्न झालं. दोघांचं शिक्षण एकाच पायरीवर येऊन थांबलेलं. दिवाळीच्या सुटीत मी घरी आलो होतो, तेव्हा तीच म्हणाली, "तुम्ही तिकडे बर्फात बसून काय करता? पहारा झाला का झोपता. मी इकडे सैपाक झाला का झोपते. त्यापेक्षा शिकू ना."

कल्पना मला लगेच पटली. मी जाऊन पुस्तकांचे दोन संच आणतो म्हणालो. तर ही बया कमरेवर हात ठेवून उभी.

"दोन कायले? आन पैसे कोणाचे?"

"माझे. म्हणजे आपलेच."

"तुमच्या पगारात घर हाय. सिलॅप पडाचा हाय. माह्या पुस्तकात तुमचा पगार नाही पाह्यजे मले. माह्यं मी घेईन."

मी समजावून पाहिलं. नवऱ्याच्या पगारावर बायकोचा हक्क असतो वगैरे, जे काही बराकीत ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून पाटलाच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागली. ओटीला कापड बांधलेलं, डोक्यावर माझाच जुना शर्ट. किलोवर मजुरी. सोबतच्या बायांना बातमी लागायला कितीसा वेळ! संध्याकाळी काट्यावर कापूस मोजताना त्या तिला चिडवत, "हे कॉलेजवाली आली व माय, हिचं आधी मोजा, अभ्यास करायचा हाय तिले." ती पण कमी नव्हती. म्हणायची, "तुमी बी या ना संगं. फीस नाही लागत आयकाले."

सुटी संपत आली तेव्हा तिच्याकडे जमले ते एका संचाच्या निम्मे. निम्मे मी घालतो म्हणालो. त्यावर तिने जरा विचार केला आणि हो म्हणाली, पण एका अटीवर. अर्धे पैसे तिचे, तर अर्धं पुस्तकही तिचं.

मला वाटलं, थट्टा चाललीय.

यवतमाळला बसस्टँडजवळच्या दुकानातून आम्ही दोघांनी जाऊन चार पुस्तकं आणली. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र. आधी तिने ओटीतून काढून तिचे पैसे दुकानदारापुढे ठेवले, मग माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, की आता तुम्ही. दुकानदार काकांना काय तो प्रकार कळेना. येताना एसटीत तिने पुस्तकं मांडीवर घेतली होती आणि आर्णी येईपर्यंत एकही उघडलं नाही, नुसता हात ठेवून बसली होती. खिडकीतून कापसाचे पुंजके उडून येत होते. तिचा तो हात मला आजही दिसतो, वेचणीने बोटांच्या टोकांना चरे पडलेले.

घरी आल्यावर अंगणात खाट टाकून तिने ब्लेड घेतलं आणि खरोखरच अर्थशास्त्राचं पुस्तक मधोमध पाठीतून उभं चिरलं.

आमच्या घरात पुस्तकाला पाय लागला तर त्या वेळचं जेवण सोडावं लागे. माझे बाबा विहाराची झाडलोट करायचे, दिवाबत्ती बघायचे. विहारातल्या कपाटातलं पुस्तक काढायच्या आधी ते हात धुवायचे आणि धोतराला पुसायचे. लग्नाच्या पत्रिकेत ‘आहेर पुस्तकांचाच स्वीकारला जाईल’ असं छापणारी आमची वस्ती. त्या बाबांच्या डोळ्यांदेखत सुनेने कोरं पुस्तक फाडलं. बाबा खाटेवरून उठले. चपला घातल्या आणि विहाराच्या दिशेने निघून गेले. माय म्हणाली, "आता घ्या. आता बोलत नाहीत ते पोळ्यापर्यंत." वैशालीच्या हातातलं ब्लेड तसंच राहिलं, आणि तिचा चेहरा एकदम लहान झाला.

बाबा तासाभराने परत आले ते दाभण, दोरा आणि कोणाचंतरी जुनं निळं कापड घेऊन. मायला म्हणाले, "खळ कर." मग आमच्याकडे न बघता खाली बसले, आणि उरलेली तीन पुस्तकं स्वतः चिरली, तिच्यापेक्षा कितीतरी सफाईने. प्रत्येक अर्ध्याला शिवण घातली, पाठीवर कापड चिकटवलं. चाराची आठ पुस्तकं झाली आणि आठही खाटेवर ओळीने वाळत घातली. हात धुऊन आल्यावर एवढंच म्हणाले, "फाडलं म्हनू नका कोनाले. दोन केले म्हना."

आजची मुलं ही गोष्ट ऐकली की सगळ्यात आधी विचारतात, झेरॉक्स का नाही काढली? खरं सांगू? सुचलंच नाही. आमच्या डोक्यात झेरॉक्स म्हणजे जातीचा दाखला आणि सातबारा. पुस्तकाचीही झेरॉक्स निघते, हा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनाला शिवला नाही. एवढे शहाणे आम्ही. आणि आता वाटतं, नाही सुचलं तेच बरं झालं. सुचलं असतं तर दोघांकडे अख्खं पुस्तक असतं आणि एकमेकांकडे मागायला काही उरलं नसतं.

वाटणी अशी झाली की पुढचे भाग तिचे, मागचे माझे. ठरलं असं की प्रत्येकाने आपला अर्धा भाग नीट करायचा, फोनवर थोडं थोडं एकमेकांना सांगायचं, आणि मार्चमध्ये पेपरच्या आधी मी सुटीवर आलो की अंगणात बसून अदलाबदल करायची. सगळा डाव त्या सुटीवर होता. सुटी मिळाली नाही तर दोघांनाही अर्धाच अभ्यास, आणि माझा तर पेपरच बुडणार. पण साहेबांनी परीक्षेची परवानगी दिलेली, सुटीच्या यादीत नाव लागलेलं. मी निर्धास्त होतो.

माझी पलटण तेव्हा उंचावर होती. चौकीवर मोबाइल चालत नसे. आठवड्यातून एकदा खालच्या ठाण्यावर उतरायचं, फोनच्या रांगेत उभं राहायचं आणि मोजकी मिनिटं बोलायचं. रांगेतले बाकीचे जवान घरच्यांना विचारायचे, जेवलीस का, पोरगा चालतो का, म्हैस व्याली का. माझी पाळी आली की मी म्हणायचो, "हं, मागणीचा नियम सांग." सगळी रांग हसायची. फोनवर बसणारा ऑपरेटर साताऱ्याकडचा होता. वेळ संपली की तो निर्दयपणे बोट उचलायचा. पण आमचं चालू असलं की म्हणायचा, "उत्तर पुरं होऊ द्या पाटील, मग तोडतो." मी पाटील नाही हे त्याला मी सांगितलं होतं. त्याच्या लेखी महाराष्ट्रातला प्रत्येक जण पाटीलच.

बंकरमध्ये रॉकेलची शेगडी जळत असायची. तिच्या काजळीने माझ्या अर्ध्या पुस्तकाच्या कडा काळ्या झाल्या. जाड हातमोज्यांनी पान उलटत नाही, म्हणून उजवा मोजा काढायचा, पान उलटायचं, पुन्हा घालायचा. पुरवठा, बाजारपेठ, खंड आणि वेतन. राज्यशास्त्रात स्वातंत्र्य, समता, न्याय. पुस्तक माझ्यासाठी अशा जागी सुरू व्हायचं की पहिलं वाक्यच अर्धं. "…म्हणून वरील विवेचनावरून असे दिसून येते की," अशी माझ्या इतिहासाची सुरुवात. वरचं विवेचन आर्णी तालुक्यात! कधी कधी मी ते वाक्य वाचून पुस्तक छातीवर ठेवून पडून राहायचो. वरचं विवेचन आता चुलीपुढे बसलं असेल, आता पाणी भरत असेल, आता मायच्या पायाला तेल लावत असेल. मला अभ्यासाची ओढ होती की तिची, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. दोन्ही एकाच पुस्तकात शिवलेलं होतं.

ती फोनवर शिकवायची मात्र झकास. एकदा सीमान्त उपयोगिता काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना. ती म्हणाली, "हे पाहा. उन्हातून आल्यावर पयला गिलास पानी कसं लागते? गोड. दुसरा? बरा. तिसरा? आन चौथा दिला तं तुमी म्हनान, बस कर. झालं. तेच हाय ते."

"आणि तू दिलास तर?"

"तं काय?"

"तू दिलास तर चौथाही गोड लागेल."

पलीकडून हळूच, "पेपरात असं लिवू नका." आणि साताऱ्याचा ऑपरेटर खोकला.

फेब्रुवारी सरताना ती सांगायची, पळस फुलला. सांगायची, विहारात आता दुपारी पोरी अभ्यासाला बसतात, मी पण बसते, बाबा माठात पाणी भरून ठेवतात. पऱ्हाट्या निघाल्या. वारा तापला. मी फोन कानाला दाबून ऐकायचो. माझ्याभोवती सगळं पांढरं, आणि कानात लाल पळस. मार्चच्या सुटीचं मी मनात इतकं रंगवलं होतं की काय सांगावं. खाट, निंबाची सावली, ती पुढचं पान वाचतेय, मी मागचं, आणि दोन्ही निळ्या पाठी एकमेकींना टेकवून ठेवलेल्या.

मग एक दिवस सुट्या बंद झाल्या. कारण विचारायची फौजेत पद्धत नाही. सगळ्यांच्या सुट्या बंद, फक्त एकाची चालू. झरी जामणीकडचा आत्राम म्हणून माझ्यासोबत एक जवान होता, त्याच्या घरी दुःखद घटना घडली होती आणि त्याला जायला परवानगी मिळाली. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी खाली उतरणार होती.

मी माझी चार अर्धी पुस्तकं काढली, प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली. त्याच्यावर काय ओढवलंय ते मला माहीत होतं, त्याला काम सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. तोच म्हणाला, "कोनाले द्याचे? वैनीले?" मी मान हलवली. म्हणाला, "आर्नीवरून जातो मी." आर्णी त्याच्या वाटेवर नव्हती. यवतमाळपासून त्याचा रस्ता वेगळा फुटतो. आपलं दुःख उरात घेऊन तो माणूस आड वाटेने आमच्या गावी गेला, उंबऱ्यात उभ्यानेच पुस्तकं दिली, पाणी प्यायला आणि निघाला. त्याचं ऋण म्हणायलाही मला लाज वाटते, इतकं ते मोठं आहे.

पुढच्या फोनला वैशालीने ‘हॅलो’सुद्धा म्हटलं नाही.

"पुस्तकं कायले धाडले?"

"तुला लागतील म्हणून."

"आन तुमाले?"

"मी येत नाही गं. सुट्या बंद झाल्यात."

फोनवर तिचा श्वास ऐकू येत होता. मागे कोंबडं ओरडत होतं, आमच्या अंगणातलं.

"मंग मी बी नाही बसत. पुढच्या वर्सी बसू दोघंही. येवढं काय नडलं?"

"बस तू."

"मले येकटीले नाही बसाचं. दोघानं घेतलेलं पुस्तक हाय ते. येकटीनं काहून लिवू?"

मला तिला खूप काही सांगायचं होतं. पुढच्या वर्षी मी कुठे असेन, असेन की नाही, याचा नेम नाही, हे सांगायचं होतं. ते फोनवर बोलत नाहीत आणि बायकोशी तर नाहीच नाही. मी म्हणालो, "तू चरे पडलेल्या हातांनी पैसे मोजले होतेस त्या काकांपुढे. ते मी पाहिलंय. तू बस." ऑपरेटरने बोट वर केलं आणि या वेळी मीच फोन ठेवला, कारण माझा आवाज रांगेने ऐकू नये असं मला वाटत होतं.

नंतरचे दिवस मी रिकाम्या हातांनी बसायचो. शेगडीपाशी जागा तीच, पण मांडीवर काही नाही. पाठ झालेलं मनातल्या मनात म्हणायचो. समतेचे प्रकार. न्यायाची संकल्पना. मग आठवायचं, आता या वेळी ती हेच पान वाचत असेल, माझ्या काजळीचे ठसे असलेलं. त्या ठशांवर ती बोट ठेवत असेल का? असले प्रश्न पडायचे. अभ्यासाचं नाव आणि सगळं मन गावाकडे.

आता आम्ही एका घरात राहतो. वैशाली पुढे बी.एड. झाली, खाजगी शाळेत शिकवते, सकाळी डबा घेऊन स्कूटीवर निघते. मी शेत बघतो. माझी बी.ए. नंतर झाली, दुसऱ्या पोस्टिंगवर, दुसऱ्या राज्यात, नव्या कोऱ्या अख्ख्या पुस्तकांवर. शेजारच्या बाकावर कोण होतं आठवतही नाही. आमचं भांडण नाही, दुरावा नाही. पण आम्ही दिवसभर बोलतो काय, तर सिलिंडर संपलं, पाण्याची मोटार बंद करा, सोयाबीनचे पैसे आले का. फोनवर मोजकी मिनिटं असताना आम्ही एकमेकांना न्याय आणि समता सांगायचो, आणि आता आख्खा दिवस हाताशी असताना मोटारीच्या पलीकडे गाडी सरकत नाही. मला तो उंचावरचा गारठा नको आहे, ती रांग नको आहे. पण रांगेत उभा असताना जे वाटायचं, ते मला हवं आहे. ते मी कोणाकडे मागू? तिच्याकडेच मागायला हवं, आणि ती तर वह्यांचा गठ्ठा घेऊन तपासत बसलेली असते. बोलवत नाही.

त्या वर्षी तिने चारही पेपर दिले. शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी माझी पाळी लागली. मी विचारलं, कसे गेले?

"बरे गेले. तुमच्या भागातलं लय आलं. न्याय आला, वेतन आलं. सारं लिवलं."

"मग पास होशील."

"होईन."

आवाजात आनंद नव्हता. मग तीच सांगू लागली. आम्ही दोघांनी फॉर्म एकाच दिवशी एकापाठोपाठ भरलेले, आडनाव एक, त्यामुळे नंबरही लागोपाठ आलेले. केंद्रावर तिच्या मागचा बाक माझा होता. त्यावर खडूने माझा नंबर लिहिलेला.

"रोज सर हजेरी घेत. माह्यं झालं का तुमचं नाव पुकारत. मी उठून सांगो, ते फौजेत हायेत, आले नाही. ते लिवून घेत आन पुढं जात."

"बरं."

"काल म्या सांगतलं नाही."

"काहून?"

मी वऱ्हाडीत कधी आलो ते मलाही कळलं नाही. ऑपरेटरने बोट वर केलं होतं.

"त्याइनं येकदा पुकारलं. मी खाली पाहूनच राह्यली. त्याइले वाटलं आयकू नाही आलं कोनाले, तं त्याइनं आनखी जोरानं पुकारलं, पुरं नाव. म्हनलं आज शेवटचा दिवस हाय. येखांद डाव तरी कोनी तुमाले मोठ्यानं हाक मारू दे इथं."

साताऱ्याचा ऑपरेटर बोट खाली घेऊन दुसरीकडे बघू लागला.